पांढरा चहा : ओळखायचा कसा, निवडायचा कसा, ठेवायचा कसा

(सामुदायिक रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, म्हणून बोलीतच छापलं आहे.)

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा, फक्त कान इकडे द्या. आज चहाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, चहाचं आम्हाला काय सांगता? सकाळी पहिलं आधण चढतं ते चहाचंच. खरं आहे. पण आजचा चहा जरा वेगळा आहे. त्याला म्हणतात पांढरा चहा.

हे नाव आता गावापर्यंत पोचलं आहे. शहरातल्या प्रदर्शनात स्टॉल लावायला गेलेल्या बायकांच्या ते नजरेस पडतं. मोबाइलवर जाहिराती येतात. कधी कुणी ओळखीची बाई चकचकीत डबी घेऊन दारात येते आणि सांगते, ‘हा पांढरा चहा घ्या ताई. महिन्यात पोट उतरेल, साखर खाली येईल. आणि गटाने माल उचलला तर वर कमिशन मिळेल.’ डबीत असतो मूठभर पाला, आणि किंमत ऐकून पोटात गोळा येतो.

अशा वेळी दोन चुका होतात. एक तर ‘हे सगळं थोतांड’ म्हणून आपण चांगली वस्तूही झटकून टाकतो. नाही तर बोलण्याला भुलून गटाचा पैसा त्यात घालतो. दोन्ही टाळायचं तर वस्तू समजून घ्यायला हवी. म्हणून आज बघू या की पांढरा चहा म्हणजे काय, तो महाग का, चांगला ओळखायचा कसा, घरी ठेवायचा कसा, आणि त्याच्याकडून कसली अपेक्षा धरायची नाही. यातलं बरंचसं आपल्या रोजच्या चहापुडीलाही लागू आहे, तेही सांगेन.

एकच झाड, वेगवेगळ्या वाटा

आधी एक गोंधळ दूर करू. पांढरा चहा म्हणजे दुधाचा चहा नव्हे. तो बिनदुधाचाच प्यायचा असतो आणि कपात त्याचा रंग फिकट पिवळा दिसतो, गव्हाच्या काडीसारखा. मग पांढरा का म्हणतात? चहाच्या झाडाला नवा कोंब फुटतो तेव्हा त्याच्या टोकावरच्या न उमललेल्या कळीवर बारीक पांढरी लव असते. कळी वाळली तरी ती लव तशीच राहते आणि कळी रुपेरी दिसते. त्या लवेवरून हे नाव पडलं.

दुसरी गोष्ट. आपला रोजचा लाल चहा, हिरवा चहा म्हणजे ग्रीन टी, आणि हा पांढरा चहा, हे सगळे एकाच जातीच्या झाडापासून होतात. फरक आहे तो पान तोडल्यानंतर त्याचं काय करतात यात.

हे समजायला वांग्याचं उदाहरण घेऊ. वांगं चिरून पाण्यात न टाकता तसंच ठेवलं तर काय होतं? काळं पडतं. चिरल्यावर आतला रस हवेला लागतो आणि रंग बदलतो. चहाच्या पानाचंही तसंच आहे. पान चुरडलं, कापलं की आतला रस हवेला लागतो, पान तांबूस होत जातं आणि चव कडक होते. आपल्या घरची दाणेदार चहापूड अशीच होते. यंत्रात पान चिरडतात, फाडतात, त्याचे गोळे वळतात, पूर्ण तांबूस होऊ देतात आणि मग वाळवतात. पाकिटावर ‘सीटीसी’ अशी तीन अक्षरं असतात, ती याच पद्धतीची. म्हणून तर चमचाभर पूड टाकली की आधण लगेच लाल होतं.

हिरव्या चहात याच्या उलट करतात. पान तोडल्यावर लवकरच त्याला वाफ देतात किंवा कढईत परततात. उष्णतेने रंग बदलण्याची क्रिया थांबते आणि पान हिरवं राहतं.

पांढऱ्या चहात यातलं काहीच करत नाहीत. चिरडणं नाही, वळणं नाही, परतणं नाही. कोवळ्या कळ्या तोडायच्या, सुपासारख्या पसरट टोपल्यांवर विरळ पसरायच्या, मंद हवेत कोमेजू द्यायच्या आणि वाळवायच्या. कोमेजायलाच दीड-दोन दिवस लागतात, कधी तीनही. या वेळात पान आपोआप थोडंसं बदलतं आणि त्यातून त्याचा सौम्य गोडसर वास येतो.

म्हणजे मैत्रिणींनो, पांढरा चहा हे एक वाळवणच आहे. आणि वाळवणातलं तुम्हाला काय शिकवायचं! मेथी कडक उन्हात टाकली तर रंग उडतो, वास जातो. सावलीत घातली तर वास टिकतो. ढीग करून ठेवली तर आतून गरम होते, कुबट होते. पापड अर्धा ओला राहिला तर डब्यात बुरशी धरतो. हे सगळे नियम पांढऱ्या चहालाही लागू आहेत. फार उष्णता लागली तर वास जातो, जाड थर झाला तर कळ्या काळ्या पडतात, ओल राहिली तर कुबटतात. काम दिसायला सोपं आहे, पण लक्ष ठेवावं लागतं. चिरडून, वळून बिघाड झाकायची सोय इथे नाही.

कुठून येतो आणि महाग का

पांढऱ्या चहाचं मूळ घर चीनमधला फुजियान प्रांत. त्यातल्या फुदिंग आणि चंगहे या दोन भागांचा चहा नावाजलेला आहे. तिथे चहाच्या अशा जाती लावतात ज्यांची कळी जाडजूड आणि भरपूर लवेची असते. आपल्या देशात दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीच्या डोंगरातले काही मळे पांढरा चहा करतात. आपल्या महाराष्ट्रात चहाचे मळे नाहीत. आपल्यापर्यंत येणारा चहा लांबून, बऱ्याच हातांतून येतो, हे पुढे साठवणीच्या वेळी लक्षात ठेवायचं आहे.

याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला फक्त कळ्यांचा. त्याला बाजारात ‘सिल्व्हर नीडल’ म्हणतात, म्हणजे रुपेरी सुया. एकही उमललेलं पान त्यात नसतं. हा सगळ्यात महाग.

दुसरा एक कळी आणि तिच्या खालची एक-दोन कोवळी पानं, असा. चीनमध्ये त्याला ‘बाय मुदान’ म्हणतात, इंग्रजी पाकिटावर ‘व्हाइट पिओनी’ असतं. चव जरा भरलेली, किंमत पहिल्यापेक्षा कमी.

तिसरा मोठ्या पानांचा, कळ्या थोड्या. त्याचं नाव ‘शौ मेइ’, अर्थ दीर्घायुष्याची भुवई. रंग गडद, चव अधिक ठसठशीत आणि भाव सगळ्यात कमी. कमी भाव म्हणजे वाईट नव्हे. हा प्रकार वेगळा, एवढंच.

आता महाग का ते बघा. एका कोंबाला टोकाची कळी एकच. ती हाताने अलगद खुडावी लागते. फुजियानमध्ये चांगल्या सुया वसंत ऋतूच्या सुरुवातीला थोडेच दिवस खुडतात, आणि पाऊस असेल, दव असेल, कळी किडकी किंवा पोकळ असेल तर ती घेत नाहीत. चहाचा ओला पाला साधारण साडेचार किलो घ्यावा तेव्हा वाळून एक किलो होतो. कळ्यांचा चहा असेल तर त्या एका किलोत हजारो कळ्या जातात.

आणि खुडणारं कोण? दार्जिलिंग असो, आसाम असो की निलगिरी, पाठीला टोपली किंवा पिशवी लावून उतारावर उभ्या राहणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. मिरच्या तोडणं, कापूस वेचणं ज्यांनी केलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बोटाच्या पेराने एकेक कळी खुडून किलो भरायचा म्हणजे किती वेळ उभं राहायचं याचा अंदाज आपल्याला आहे. तेव्हा पांढऱ्या चहाची किंमत आहे ती या खुडणीची आणि थोड्या दिवसांच्या हंगामाची. तो काही दिव्य औषध आहे म्हणून महाग, असं नाही.

निवडताना : डोळे, नाक, बोटं आणि पाणी

आता समोर पाकीट किंवा डबी आली तर काय बघायचं?

पहिलं काम डोळ्यांचं. कळ्या अखंड, भरीव, साधारण एकसारख्या आकाराच्या असाव्यात. रंग रुपेरी, राखाडी-हिरवट. अंगावर लव दिसली पाहिजे. ‘बाय मुदान’ असेल तर पानाची वरची बाजू हिरवी-तपकिरी आणि खालची बाजू पांढुरकी दिसते. तळाशी चुरा, भुसा, जाड काड्या जास्त असतील, कळ्या काळपट पडल्या असतील तर माल जुना किंवा हेळसांड झालेला. झगझगीत हिरवा रंग दिसला तरी सावध व्हा. वाळलेल्या पानाचा रंग असा चमकत नाही.

दुसरं नाकाचं. चांगल्या पांढऱ्या चहाला सुक्या गवताचा, थोडा फुलांचा, हलका गोड वास येतो. वास मंद असतो. डबी उघडताच अत्तरासारखा भपका आला तर वरून सुगंध घातलेला आहे असं समजा. कुबट, धुरकट, तेलकट किंवा किराणा दुकानातल्या साबणाचा वास आला तर ठेवून द्या.

तिसरं बोटांचं. एक कळी घ्या आणि वाकवा. कट्कन मोडली पाहिजे, बोटात चुरली तर भुगा झाला पाहिजे. मऊ लागली, वाकली पण मोडली नाही तर ती सादळली आहे. सादळलेला पापड आपण हाताला लागताच ओळखतो, तसंच हे.

चौथी परीक्षा पाण्याची. विकणारीला सांगा, ‘ताई, एक कप करून दाखवा.’ चांगल्या मालाला कुणी नाही म्हणत नाही. पाणी फिकट पिवळं आणि निवळ दिसावं. गढूळ नको. जिभेवर गोडसर, अगदी थोडं तुरट लागावं. नंतर भिजलेली पानं ताटलीत उपडी करा. कळ्या फुगून पुन्हा अखंड दिसतात, हिरवट रंग परत येतो. नुसता चुरा आणि फाटकी पानं निघाली तर डबीवर काहीही लिहिलेलं असो, तो कळ्यांचा चहा नाही.

पाकिटावर वाचायच्या गोष्टीही थोड्याच आहेत. निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचा, कुठल्या भागातला, आणि अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, ज्याच्याजवळ ‘एफएसएसएआय’ अशी अक्षरं असतात. हा क्रमांक नसेल तर घेऊ नका. ‘काय काय घातलं आहे’ ही यादी तर नक्की वाचा. पांढऱ्या चहात पांढरा चहाच असायला हवा. यादीत सोनामुखी दिसली तर ती डबी खाली ठेवा. सोनामुखी हे जुलाबाचं औषध आहे. जुलाब झाले की अंगातलं पाणी जातं, काटा खाली दिसतो आणि बाईला वाटतं, वजन उतरलं. चरबी जागच्या जागी असते, नुसती ताकद जाते.

पाकिटाच्या आकारालाही भुलू नका. पांढरा चहा फार हलका आणि फुगीर असतो. मोठ्या डबीत २५ ग्रॅमच निघतो. म्हणून भाव नेहमी वजनावर काढायचा, आणि मग कपावर. समजा, ५० ग्रॅमची डबी ५०० रुपयांना आहे. एका कपाला अडीच ग्रॅम लागतो, म्हणजे २० वेळा होईल. २५ रुपये पडले. तीच पानं तीन वेळा वापरली तर कपाला ८ रुपयांच्या आसपास. आता घरची पूड समजा पाव किलो १२५ रुपयांना आहे आणि कपाला दोन ग्रॅम लागते. १२५ कप झाले, म्हणजे कपाला एक रुपया. दूध-साखर वेगळी. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, तुम्ही तुमच्या दुकानचे घाला. हिशेब मात्र करा. पांढरा चहा हा कधीतरी, चवीसाठी घ्यायचा चहा आहे, रोजच्या आधणाचा नाही, हे त्यातून आपोआप कळतं.

करायचा कसा

आपली सवय चहा खळखळ उकळायची. पांढरा चहा उकळला की त्याचा वास उडून जातो आणि तो कडू-तुरट होतो. मग वाटतं, पैसे पाण्यात गेले.

पाणी उकळायला ठेवा. चांगली उकळी आली की खाली उतरवा आणि झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं निवू द्या. एका कपाला साधारण दोन मोठे चमचे पानं घ्या, ती हलकी असतात म्हणून जास्त दिसतील. पाणी ओता, झाका, तीन ते पाच मिनिटांनी गाळा. दूध नको, साखरही नको, एकदा नुसताच पिऊन बघा. गाळलेली पानं टाकू नका. पुन्हा पाणी ओता, या वेळी थोडं जास्त वेळ ठेवा. दोन-तीन वेळा चांगला उतरतो. पानं एकाच दिवसात संपवायची, ओली पानं रात्रभर ठेवायची नाहीत.

साठवण : पाच शत्रू

आता कामाची गोष्ट. महागाचा चहा आणला आणि पंधरा दिवसांत सादळला, असं होऊ नये. चहाचे शत्रू पाच : ओलावा, हवा, उजेड, उष्णता आणि दुसऱ्या वस्तूंचा वास. रोजच्या पुडीचेही शत्रू हेच आहेत.

पहिला ओलावा. वाळलेलं पान हवेतलं पाणी शोषून घेतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं, तिथे पानाची काय कथा. म्हणून चहा हवाबंद पिशवीत, पिशवीतली हवा दाबून काढून, आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, असं दुहेरी ठेवा. दाबताना जपून, कळ्या मोडायच्या नाहीत. डबा धुतला असेल तर कडक उन्हात पूर्ण वाळवून, थंड करून मगच भरा. ओला चमचा कधीच घालू नका.

आणि एक खोड आपल्या सगळ्यांची आहे. आधणाला उकळी आली की आपण पातेल्यावरच डबा उघडतो आणि चमचा घालतो. तेवढ्यात वाफ डब्यात शिरते. रोज दोनदा, महिन्यातून साठ वेळा. मग म्हणतो, पूड सादळली, दुकानदाराने खराब दिली! डबा बाजूला उघडावा, चमचाभर काढून लगेच बंद करावा. या एका सवयीने रोजची पूडही शेवटच्या चमच्यापर्यंत ताजी राहते.

दुसरी हवा. मोठा डबा रोज उघडला तर प्रत्येक वेळी नवी हवा आत जाते. म्हणून दोन डबे करा. मोठा साठ्याचा, तो पंधरा दिवसांतून एकदा उघडायचा. लहान रोजचा. अर्धा रिकामा मोठा डबा चहाला चांगला नाही. माल कमी झाला की डबा लहान करा.

तिसरा उजेड. काचेच्या बरणीत रुपेरी कळ्या छान दिसतात, पण उजेडाने त्यांचा रंग आणि वास जातो. काचेची बरणी असलीच तर बंद कपाटात ठेवा. सादळला म्हणून चहा उन्हात घालू नका. पापडाला ऊन चालतं, चहाला नाही.

चौथी उष्णता. चुलीवरची फळी, गॅसशेजारचा कोनाडा, फ्रीजच्या डोक्यावरची जागा, पत्र्याच्या छताखालचा माळा, या जागा चहाच्या नाहीत. घरातल्या आतल्या खोलीत, जमिनीपासून थोडं वर, सावलीची कोरडी जागा बघा. फ्रीजमध्येही ठेवू नका. फ्रीजमधून बाहेर काढला की थंड डब्याला दव धरतं, तेच पानाला लागतं. शिवाय फ्रीजमध्ये कांदा, कोथिंबीर, कालची आमटी, सगळ्यांचे वास असतात.

पाचवा शत्रू तोच, वास. चहाचं पान वास ओढून घेतं. मसाल्याच्या मांडणीत, हिंगाशेजारी, सुक्या बोंबलाच्या डब्याजवळ, उदबत्ती, साबण, डांबरगोळ्या यांच्या जवळ चहा ठेवला तर आठवड्यात चहाला तोच वास येतो. आधी मसाला ठेवलेला डबा कितीही घासला तरी पांढऱ्या चहाला वापरू नका.

डब्यावर आणल्याची तारीख लिहून चिकटवा. बंद पाकीट नीट ठेवलं तर त्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चांगलं राहतं. उघडल्यावर मात्र सहा महिन्यांत संपवलेलं बरं. म्हणून थोडा आणा, संपला की पुन्हा आणा.

इथे एक शंका येईल. चीनमध्ये काही लोक पांढरा चहा मुद्दाम वर्षानुवर्षं जुना करतात, त्याच्या वड्या दाबून ठेवतात, आणि जुन्याला भाव जास्त देतात. मग आपला जुना झालेला का चालू नये? कारण तो जुना करताना कोरडा, वासापासून दूर, नीट बंद ठेवलेला असतो. जुनं लोणचं आणि बुरशी आलेलं लोणचं यात जो फरक, तोच इथे. कुबट वास आला, बुरशी दिसली की तो चहा झाडांच्या मुळाशी टाका. ‘जुना आहे म्हणून औषधी’ असं कुणी सांगितलं तर नाकाला विचारा.

औषध आहे का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पांढऱ्या चहाने साखर जाते का, वजन उतरतं का? चहाच्या पानात पॉलिफेनॉल नावाचे घटक असतात, त्यांच्यावर बराच अभ्यास झालेला आहे. पण तेच घटक कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच चहांत असतात. मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं औषध म्हणून पांढरा चहा कुणी डॉक्टर देत नाही. त्याच्या भरवशावर गोळी बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. एक फायदा मात्र खरा आहे. दोन चमचे साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचा कोणताही चहा घेतला तर तेवढी साखर वाचते. त्यासाठी महाग डबी लागत नाही.

‘पांढरा म्हणजे सौम्य, कितीही प्या’ हेही खरं नाही. कोवळ्या कळीत कॅफीन भरपूर असतं. रात्री घेतला तर झोप उडू शकते. गरोदर बायकांनी कोणताही चहा बेतानेच घ्यावा.

आणि आपल्या बायकांसाठी याहून मोठी गोष्ट आहे रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चहातले तुरट घटक जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि पालेभाजी, बाजरी, कडधान्यातलं लोह अंगी लागू देत नाहीत. लाल, हिरवा, पांढरा, कोणताही चहा असो, जेवताना किंवा जेवण झाल्याझाल्या घ्यायचा नाही. मध्ये निदान एक तास जाऊ द्या. रक्तवाढीची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका. ती पाण्याबरोबर घ्या. जेवणात लिंबू पिळा, पेरू, आवळा खा, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. शेतावर जाताना भाकरीबरोबर चहा पिऊन निघायची सवय असेल तर ती आजपासून मोडा. वजन उतरवायचा चहा पिऊन जेवण टाळणारी बाई आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी करते.

गटाने काय करावं

कुणी गटाला पांढरा चहा विकायला दिला तर तीन प्रश्न विचारा. परवाना क्रमांक कुठे आहे? न विकलेला माल परत घेणार का, आणि तसं लिहून देणार का? पक्कं बिल देणार का? तिन्हींची सरळ उत्तरं आली नाहीत तर गटाच्या खात्यातला एक रुपयाही काढू नका. सुटा चहा आणून आपल्या नावाने भरून विकायचा असेल तर आधी गटाची अन्न व्यवसाय नोंदणी लागते.

‘साखर बरी होते’ असं छापलेली पत्रकं वाटू नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे अन्नपदार्थाबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यात सामील असलेलीही त्यात अडकते. फसवणूक झालीच तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते. पाकीट आणि बिल जपून ठेवा.

आणि पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीने घरची थोडी चहापूड पुडीत आणावी. पांढऱ्या टिपकागदावर थोडी पसरा, वर पाणी शिंपडा, कागद ओला झाला की पूड काढून टाका आणि कागद नळाखाली धरा. उजेडात बघा. डाग राहिले तर पुडीला रंग लावलेला आहे. मग पुडीवरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटेल. कोणत्या दुकानची, कोणत्या छापाची पूड होती ते वहीत लिहा. सगळ्या गटाला एकदम कळेल की कुठला माल घ्यायचा.

थोडक्यात सांगायचं तर पांढरा चहा ही एक नाजूक, कष्टाची वस्तू आहे. कुठल्या तरी डोंगरावर आपल्यासारख्याच बायकांनी कळी-कळी खुडलेली. मिळाला तर चवीने घ्या, थोडा घ्या, कोरडा ठेवा. त्याच्याकडून औषधाची अपेक्षा धरू नका. आणि जेवण आणि चहा यांच्यात एक तास, हे आज घरात सुनेला, लेकीला, सासूबाईंना सगळ्यांना सांगा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.